पोचल्याचं पत्र

आमच्या पिढीत विमानात बसलेले थोडे आणि विमानतळावर जाऊन आलेले फार. घरातलं कुणी परदेशी निघालं की वाड्यातली वीस-पंचवीस माणसं त्याच्याबरोबर सांताक्रूझला निघत. १९६९ साली धाकटा काका अमेरिकेला शिकायला गेला, तेव्हा आदल्या दिवशी वर्तमानपत्रात ‘परदेशगमन’ या मथळ्याखाली त्याचा फोटो छापून आला होता. आजीनं त्याच्या तळहातावर दही घातलं आणि ‘जातो नाही, येतो म्हण’ असं बजावलं. विमानतळावर हार झाले, नमस्कार झाले. मग आम्ही गॅलरीचं तिकीट काढून कठड्याशी उभे राहिलो. खाली दिव्यांच्या उजेडात माणसांची ओळ विमानाकडे चालली होती. शिडीच्या वरच्या पायरीवर निळ्या कोटातला एक जण वळला आणि त्यानं हात हलवला. ‘तोच, तोच,’ म्हणत आम्ही सगळ्यांनी हात हलवले. विमानाचा लाल दिवा अंधारात दिसेनासा होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

परवा नात निघाली. दही तिच्याही तळहातावर घातलं. तेवढं अजून टिकून आहे. पण विमानतळाच्या दाराशी गाडी थांबली, बॅगा ट्रॉलीवर चढल्या, तोवर मागच्या गाडीचा हॉर्न वाजू लागला. तिकिटाशिवाय आत प्रवेश नाही. तिनं दारापाशी तिकीट दाखवलं आणि ती काचेपलीकडच्या गर्दीत मिसळली. तेव्हा निरोपाला अख्खी रात्र लागे, आता दीड मिनिट पुरतं.

त्या काळी एअर इंडिया ही आमच्यासाठी वाहतुकीची सोय नव्हतीच. ती घरातल्या यशस्वी भावासारखी होती; त्याच्याकडे जाणं व्हायचं नाही, पण अभिमान पुरेपूर. १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा एका इंजिनाचं पस मॉथ विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमानात टपालाच्या थैल्या होत्या. जुहूचं मैदान पावसाळ्यात चिखलात जाई, म्हणून त्या महिन्यांत कारभार पुण्याला हलवावा लागे. तिथून १६ वर्षांत, ८ जून १९४८ला, ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेली. १९६०मध्ये बोइंग ७०७ आलं, १९७१मध्ये जम्बो. ७०७ विमानांना हिमशिखरांची नावं होती, जम्बोंना सम्राटांची. खिडक्यांभोवती झरोक्यांच्या लाल कमानी रंगवलेल्या असत. कंपनीतले बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ साली घडवलेलं बोधचिन्ह, कमरेत वाकलेला महाराजा, आम्हाला कॅलेंडरांवर भेटे. मरीन ड्राइव्हवर फिरायला गेलं की नरिमन पॉइंटच्या त्या २३ मजली इमारतीकडे बोट दाखवून वडील म्हणत, ‘ती आपली एअर इंडिया.’ त्या ‘आपली’मध्ये आम्हीही होतो. तिच्या एकाही विमानात पाऊल न ठेवता होतो.

आज ती इमारत महाराष्ट्र सरकारनं घेतली आहे आणि कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला आहे. १९५३मध्ये सरकारकडे गेलेली कंपनी २७ जानेवारी २०२२ला पुन्हा टाटांकडे आली. पुढच्याच वर्षी तिनं ४७० नव्या विमानांची मागणी नोंदवली; नोव्हेंबर २०२४मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली. एवढा पसारा आता नियंत्रण कक्षातल्या पडद्यांवर हलतो. कुठलं विमान कुठे उभं आहे, कुठल्या वैमानिकाचे कामाचे तास संपत आले, कुठल्या वाटेवर वारा समोरून आहे आणि त्यापायी किती इंधन जास्त भरायचं, हा हिशेब रात्रंदिवस चालू असतो. सकाळच्या एका फेरीला उशीर झाला तर तो त्याच विमानाच्या संध्याकाळच्या फेरीपर्यंत ओघळत जातो, म्हणून एकेका मिनिटासाठी माणसं झटतात. कॉकपिटमध्ये काट्यांवर नजर ठेवणारा फ्लाइट इंजिनियर आता नाही. त्याचं काम संगणक करतो. पूर्वी जेआरडी स्वतः प्रवास करता करता विमानातल्या चहाचा रंग कॉफीसारखा दिसतो, अशा बारीक बारीक नोंदी करून त्या अधिकाऱ्यांना पाठवत. आताची नोंद यंत्र ठेवतं आणि बहुतेक वेळा ती जास्त अचूक असते.

पुढे नोकऱ्यांत स्थिरावल्यावर आम्हीही विमानात बसलो. तिकीट म्हणजे एक लांबट पुस्तिका असे. पानांच्या पाठीला लाल कार्बन, हाताळताना बोटं लाल होत. प्रवासाच्या ७२ तास आधी फोन करून ‘येतोय’ असं पक्कं कळवावं लागे. काउंटरवरची बाई तक्त्यावरून आसनाच्या आकड्याचं स्टिकर सोलून आपल्या कार्डावर चिकटवी. विमानाच्या शिडीपाशी सगळ्या बॅगा मांडलेल्या असत. आपली ओळखून दाखवली की मगच ती पोटात चढे. आत गेल्यावर हवाई सुंदरी तबक घेऊन येई: गोळ्या, आणि कानांत घालायला कापूस. एकेक गोळी आम्ही खिशात घालून घरच्या मुलांसाठी आणत असू.

आता कागदी तिकीट गेलं, कार्बन गेला, कापूसही गेला. आसन घरी बसून निवडता येतं, बॅग कुठवर आली ते फोनवर दिसतं. २००३मध्ये एअर डेक्कननं स्वस्त तिकिटांचा रस्ता दाखवला आणि आज कोल्हापूर, नाशिक, जळगावहून विमानं उडतात. पहिल्यांदाच विमानात बसलेली नऊवारीतली आजी शेजारी पट्टा कसा लावायचा ते विचारते, तेव्हा मनात येतं की आमच्या त्या गॅलरीपेक्षा हे किती मोठं आहे. गॅलरीतून सगळ्यांना दिसत होतं, पण जाता एकालाच येत होतं.

म्हणून जुन्या काळाच्या हळहळीवर विश्वास ठेवताना आम्ही जपून असतो. काकाला बरोबर नेता आले ते अवघे आठ डॉलर. तिकिटासाठी आजोबांनी शेत गहाण टाकलं. पाच वर्षांनी आजोबा गेले, तेव्हा तार पोचली पण काका येऊ शकला नाही. यायला पैसे नव्हते आणि येईतो तेरावा उलटला असता. विमानात शेजारचा माणूस खुशाल सिगारेट ओढी. सुरक्षाही आजच्यासारखी नव्हती. १९६६मध्ये ‘कांचनजंगा’ विमान मॉं ब्लां शिखरावर आदळलं, त्यात शास्त्रज्ञ होमी भाभा गेले. १ जानेवारी १९७८च्या संध्याकाळी पहिलंच जम्बो, ‘सम्राट अशोक’, उड्डाणानंतर लगेच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. आणि शिडीपाशी बॅग ओळखून दाखवण्याचा तो विधी, जो आम्ही इतक्या मायेनं आठवतो? १९८५मध्ये ‘कनिष्क’ विमानात बॉम्ब असलेली बॅग चढली, तिचा मालक चढलाच नाही, ३२९ माणसं गेली. माणूस आणि बॅग यांचा मेळ घालण्याचा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. आमच्या आठवणीतला जिव्हाळा कुणाच्या तरी मरणातून आलेला होता.

नवा काळही दुःखावाचून नाही. १२ जून २०२५ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान कोसळलं. आतल्या २४२पैकी एकच जण वाचला. त्या रात्री काका आठवला, नात आठवली. काळ कोणताही असो, विमान आकाशात आहे तोवर खालच्या माणसाचा जीव टांगलेला असतो. बदललं आहे ते इतकंच, की तेव्हा तो वीस-पंचवीस जणांचा मिळून टांगलेला असे.

१९९०मध्ये कुवेतवर आक्रमण झालं, तेव्हा अम्मानहून ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून एक लाखाहून अधिक भारतीयांना मायदेशी आणलं गेलं. आमच्या ओळखीचं त्यात कुणी नव्हतं. तरी रेडिओवर आकडा वाढल्याचं ऐकलं की घरात कुणीतरी ‘आले’ म्हणे. हे ‘आले’ म्हणणं आम्हाला गॅलरीनं शिकवलं होतं.

नातीचा निरोप पहाटे चारला आला: ‘पोचले.’ विमानाचं दार उघडण्याआधीच तिनं तो पाठवला होता. तो वाचला, जीव भांड्यात पडला, आणि वाचायला आणखी काही उरलं नाही.

झोप गेलीच होती, म्हणून कपाटातून काकाचं पोचल्याचं पत्र काढलं. निळं एअरोग्राम; तेव्हा बारा दिवसांनी आलं होतं. आजीला अक्षर लागत नव्हतं, म्हणून वडिलांनी ते वाड्याच्या चौकात मोठ्यानं वाचलं होतं. थंडीबद्दल आहे, जेवणाबद्दल आहे, आणि शेवटी घडीच्या कडेला बारीक अक्षरात एक ओळ आहे. ती त्या दिवशी वडिलांनी मोठ्यानं वाचली नसावी; मला तरी ऐकल्याची आठवत नाही. काकानं लिहिलं होतं की शिडीवरून मी मागे वळून हात हलवला, पण वर नुसते दिवे दिसले, तुमच्यापैकी कुणीच दिसलं नाही.

नातीनं दार बंद होईतो आसनावरून व्हिडिओ कॉल केला होता. तिला आम्ही नीट दिसत होतो, आम्हाला ती. हे चांगलंच झालं. तरी पत्राची घडी घालताना माझा हात थांबला तो कठड्याशी उभ्या असलेल्या त्या वीस-पंचवीस माणसांपाशी, न दिसणाऱ्या माणसाला पाहून हात हलवणाऱ्या.