फेडरला हात लावण्यापूर्वी

चि. बाळ यास,


तुझे पत्र आणि सोबतचे ध्वनिमुद्रण दोन्ही पोहोचली. गायिकेचा स्वर तू फार ममतेने टिपला आहेस. तथापि त्या स्वरामागे दूरच्या पावसासारखी जी अखंड सुरसुर ऐकू येते, तिचे खापर तू मायक्रोफोनवर फोडलेस, ते मला मान्य नाही. गेन आणि फेडर या दोहोंनीही आवाज वाढतोच, मग भेद तो काय, असे तू पत्राच्या अखेरीस सहज विचारले आहेस. त्या सुरसुरीचे मूळ तेथेच आहे.

मायक्रोफोनकडून येणारा विद्युत्‌संकेत इतका क्षीण, बहुधा व्होल्टच्या काही सहस्रांशांएवढाच, असतो की ध्वनिमिश्रणाच्या कन्सोलमधील पुढच्या प्रवासात त्याचा निभाव लागावा म्हणून त्यास प्रवेशद्वारीच बळ द्यावे लागते, आणि ते बळ किती द्यावयाचे हे गेन ठरवतो. ६० डेसिबल गेन म्हणजे व्होल्टेज हजारपट. फेडर मात्र वाटेच्या शेवटाशी बसलेला. आत दाखल झालेल्या स्वरापैकी किती पुढे रवाना करावयाचा, एवढाच त्याचा अखत्यार. तू गेन अत्यल्प ठेवलास आणि ती उणीव पुढे फेडर चढवून भरून काढलीस, तेव्हा स्वराबरोबर यंत्राची अंगभूत सुरसुरही तितकीच चढली. उलटपक्षी गेन बेसुमार झाला तर स्वर दारातच फाटतो, आणि फाटलेला स्वर फेडर कितीही खाली ओढला तरी सांधत नाही. म्हणून चाचणीच्या वेळी गायिकेकडून तिची सर्वांत चढी ओळ पूर्ण आवाजात गाऊन घे, आणि तीवरही मीटरमध्ये थोडी जागा शिल्लक राहील अशा बेताने गेन लाव. रंगात आलेला गळा चाचणीपेक्षा नेहमीच वर जातो.

कंडेन्सर मायक्रोफोनला लागणारे ४८ व्होल्ट त्याच्याच केबलमधून पाठविणारी फॅन्टमची कळ तुला ठाऊक आहेच.

ऑक्सविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण गाणाऱ्याचे सुखदुःख तेथे आहे. ऑक्स म्हणजे मुख्य वाटेला फोडलेला उपमार्ग. गायिकेच्या हेडफोनकडे जाणारा उपमार्ग फेडरच्या आधी फोडावा. नाहीतर तू आपल्या सोयीसाठी तंबोरा किंचित उतरवशील आणि तिकडे तिच्या कानांतला आधारस्वर ऐन आलापात नाहीसा होईल. प्रतिध्वनीकडे जाणारा उपमार्ग फेडरनंतर फोडावा, म्हणजे स्वर उतरताच त्याची छायाही उतरते; अन्यथा गायिका मागे सरली तरी तिचा प्रतिध्वनी सभागृहात एकटाच घुमत राहतो.

ऑक्स वाट फोडतो, तर अनेक चॅनेलांचे स्वर ज्या सामाईक मार्गावर एकत्र येतात तो बस. ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचे हे शेपूट, आपण प्रवास करतो त्या बसचेही तेच. लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओत १९६८ साली ईएमआयने स्वतः घडविलेला ‘टीजी १२३४५’ हा ट्रान्झिस्टरचा कन्सोल बसविला, त्यात २४ मायक्रोफोनांची सोय होती आणि टेपकडे जाणाऱ्या वाटा ८ होत्या. कोणता स्वर कोणासमवेत कायमचा बांधला जावा, हा निर्णय त्यामुळे मुद्रणाच्या क्षणीच करावा लागे. तुला आज वाटांची वाण नाही, तरी तो निर्णय आधी करण्याचा शिरस्ता तू पाळावास अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुढील मुद्रणाच्या वेळी प्रत्येक चॅनेलच्या गेनची खूण कागदावर टिपून तो कागद सोबत पाठव, आणि तंबोऱ्याला स्वतंत्र चॅनेल दे.

तुझा,
मामा