सटवाईचा कोरा कागद

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण सातव्या महिन्यात लेकीचं ब्लडप्रेशर वाढलं, पावलं सुजली आणि डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. मग माहेरच काशीला निघालं! २०१९ च्या जानेवारीत मी महानगरी एक्सप्रेसमध्ये बसले, तेव्हा पायाशी भलं मोठं गाठोडं होतं. डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, वेखंड, बाळगुटीचा डबा, जुन्या लुगड्यांची दुपटी आणि घरी पाडलेलं काजळ.

लेकीचं सासर ब्रह्माघाटाजवळ. पेशव्यांच्या काळापासून या भागात मराठी कुटुंबं वसलेली आहेत. विहीणबाई बोलतात मराठीच, पण निम्मी हिंदी मिसळून. गल्ली इतकी अरुंद, की समोरून गाय आली तर माणसानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. आणि थंडी! दुपारपर्यंत धुकं हटत नसे.

आठवा महिना संपता संपता नात झाली. वजन अवघं एक किलो नऊशे ग्रॅम. ते चिमणं अंग पाहून माझ्या पोटात गोळा आला. मी दुपट्यात गुंडाळायला पुढे झाले, तर सिस्टरनं मला थांबवलं. बाळाला टोपी-मोजे घातले, बाकी उघडंच लेकीच्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून कापडानं दोघींना एकत्र बांधून टाकलं. म्हणाली, "माताजी, माँ से अच्छा हीटर कोई नहीं."

ही पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये सुरू झाली. काचेच्या पेट्या पुरेनात, म्हणून डॉक्टर एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीशी बांधली. कांगारू पिलाला पोटाच्या पिशवीत ठेवते तसं, म्हणून नावही कांगारूचंच. लेक दमली की जावईबापू सदरा काढून बसत. विहीणबाई तेव्हा पदर तोंडाला लावून खोलीबाहेर जात!

माझं गाठोडंही सिस्टरनंच निवडलं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, विहीणबाईंचा सोंठौरा, सगळं बाळंतिणीला चालेल म्हणाली. काजळ, धुरी आणि बाळगुटी मात्र बाजूला काढली. सहा महिने आईचं दूध, पाणीसुद्धा नाही. मध तर वर्षभर नाही. बंद खोलीत कोळशाची बोरसी पेटवून झोपायचं नाही, त्या धुरानं माणसं झोपेतच जातात, हेही तिनं बजावलं. मला थोडा रागच आला. दोन मुलं वाढवलेली बाई मी!

पाचव्या दिवशी घरी सोडलं. निघताना तिनं लेकीचं ब्लडप्रेशर पुन्हा मोजलं आणि मला म्हणाली, बाळाकडे तर सगळेच बघतील, तुम्ही हिच्याकडे बघा. डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली कळ आली, रक्तस्राव वाढला किंवा ताप आला, तर वाट बघायची नाही. मी मान हलवली. खरं सांगायचं तर माझं लक्ष दुपट्याकडे होतं.

सहावी रात्र सटवाईची. बाळाचं नशीब लिहायला ती येते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडली. लेक भिंतीला टेकून म्हणाली, "आई, डोकं फुटतंय गं."

"जागरणानं असेल," मी म्हटलं.

"हवा लग गई होगी," विहीणबाई म्हणाल्या आणि तिच्या कपाळाला घट्ट रुमाल बांधला.

अर्ध्या तासानं ती म्हणाली, "दिव्याभोवती काहीतरी चमकतंय." तेव्हा कुठे सिस्टरचे शब्द माझ्या कानांत वाजले. गल्लीत गाडी येत नाही. शेजारच्या दोन मुलांनी तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून मैदागिनच्या रस्त्यापर्यंत नेलं. बाळ माझ्या छातीशी, शालीच्या आत.

इस्पितळात प्रेशर निघालं १७०/११०. ताबडतोब मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आणि प्रेशरची औषधं सुरू झाली. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, मेंदूत रक्तस्रावही झाला असता. वार पडली की हे दुखणं संपतं, अशी माझी समजूत होती. पण बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत ब्लडप्रेशर पुन्हा उसळू शकतं आणि ज्यांना आधी त्रास नव्हता त्यांनाही हा झटका येऊ शकतो, हे मला त्या रात्री कळलं.

सिस्टर रात्रपाळीलाच होती. ती मला एका शब्दानंही बोलली नाही. दर थोड्या वेळानं येऊन ती लेकीचे श्वास मोजी, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघे, लघवी किती झाली ते लिही. आपण नर्सला हाक मारतो ती बहुधा सलाईन संपलं म्हणून. ती काय काय बघत असते याची आपल्याला गंधवार्ता नसते.

आशा कार्यकर्तीनं बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावं, अशी सरकारी योजना २०११ पासून आहे. बेचाळीस दिवस म्हणजे आपला सव्वा महिनाच की! आपल्या आज्यांनी बाळंतिणीला तेवढे दिवस जपलं ते उगाच नव्हे. फक्त त्यांच्या हाताशी ब्लडप्रेशरचं यंत्र नव्हतं.

आम्ही ते विकत आणलं. सटवाईसाठी मांडलेला कोरा कागद पाटावर तसाच होता. तोच जावईबापूंनी भिंतीला चिकटवला आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर लेकीचं प्रेशर लिहिलं. विहीणबाई आधी कुरकुरल्या, मग स्वतःच आठवण करू लागल्या, "आज लिहिलं का?" बेचाळिसाव्या दिवशी शेवटचा आकडा पडला, ११८/७६. त्या दिवशी नात भरली दोन किलो नऊशे, आणि मी परतीचं तिकीट काढलं.