दोन वाजता खोली मिळेल

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत पहिला दिवस नेहमी एका ओळीत उरकलेला असतो. आगमन, हॉटेलात प्रवेश, विश्रांती, संध्याकाळ मोकळी. खरी गर्दी दुसऱ्या दिवसापासून. देवळं, गुहा, बोटी, बाजार. मला मात्र त्या एका ओळीचंच जास्त अप्रूप वाटतं. त्या दिवशी शरीर अजून घरच्या घड्याळावर चाललेलं असतं, शहराची आणि आपली ओळख व्हायची असते, आणि ज्यांच्याबरोबर आलो ती मंडळी कितीही जुनी असली तरी पहाटे, दात न घासलेल्या अवस्थेत, आपण त्यांना क्वचितच पाहिलेलं असतं.

आम्ही चार जोडपी हनोईला गेलो होतो. सगळी पुण्याचीच. नवरे इंजिनियरिंगला एका वर्गात होते. बायका आधी त्यांच्यामुळे आणि नंतर त्यांना वगळून मैत्रिणी झाल्या. नोव्हेंबर संपत आला होता. तिकडचा पाऊस तेव्हा सरलेला असतो आणि थंडी अजून बोचायला लागलेली नसते. नोई बाय विमानतळावरून शहरात शिरताना लाल नदी ओलांडावी लागते, तीही न्हात तान पुलावरून. हा पूल २०१५ साली सुरू झाला. पाच मनोरे आणि त्यांना तारांनी तोललेला रस्ता. मागच्या सीटवर चौघा इंजिनियरांची लगेच परिषद भरली. तारांवर ताण किती, पाया कसा घेतला असेल, जपान्यांचं काम दिसतंय. बायका नदी शोधत होत्या. नदी धुक्यात होती. पूल संपला तरी परिषद संपली नाही.

हॉटेल जुन्या शहरात, अरुंद गल्लीत. स्वागतकक्षातल्या मुलीने अतिशय गोड हसून सांगितलं की खोल्या दोन वाजता मिळतील. घड्याळात सातसुद्धा वाजले नव्हते, म्हणजे आपल्याकडे साडेपाच.

अशा वेळी माणसं कळतात. आठ बॅगा भिंतीशी रांगेत लागल्या, एकाच स्वच्छतागृहापुढे आठ जण ब्रश घेऊन उभे राहिले, आणि कुणी काही न ठरवता खाती वाटली गेली. बँकेतून निवृत्त झालेल्या मित्राने पैशांची पिशवी गळ्यात अडकवली. एकाने नकाशा घेतला आणि तो दिवसभर कुणाला दिला नाही. एकीच्या पर्समधून ॲसिडिटी, गुडघे, उलटी आणि मच्छर या सगळ्यांवरची औषधं निघाली. माझ्या नवऱ्याला फक्त चहा हवा होता. घरी तो उठल्यावर पहिलं वाक्य चहा झाल्यावरच बोलतो. इथे मात्र चहाविना सगळ्यांशी हसून बोलत होता, दुसऱ्यांच्या बॅगा सरकवत होता. मी बघत राहिले. हा गृहस्थ इतका उमदा आहे हे मला कुणी तरी आधी कळवायला हवं होतं.

पाय मोकळे करायला होआन किएम तळ्यावर गेलो. पंधराव्या शतकातल्या ले लोई राजाने मिंग सैन्याशी लढताना वापरलेली तलवार याच तळ्यातल्या कासवाला परत केली, अशी कथा आहे. काम झालं, हत्यार परत. तळ्यात खरंच एक प्रचंड कासव होतं. ते २०१६ च्या जानेवारीत गेलं. आमच्या पिढीला हे शहर आधी वर्तमानपत्रातून भेटलेलं. सैगाव पडलं तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो, आणि व्हिएतनाम म्हटलं की बॉम्ब, जंगल आणि हो ची मिन्हची दाढी एवढंच डोळ्यांपुढे यायचं. तळ्याकाठी आता ती दाढी फक्त नोटांवर होती. फुटपाथवर स्पीकर ठेवून साठी-सत्तरीची जोडपी नाचत होती. अगदी रीतसर, कमरेवर हात ठेवून, मोजून पावलं टाकत. कुणी बघत नव्हतं, आम्ही सोडून. आमच्यातल्या औषधवाल्या बाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो म्हणाला, ‘‘गुडघा.’’ संभाषण तिथेच मिटलं.

मग रस्ता ओलांडायची वेळ आली.

पुण्याच्या माणसाने दुचाक्यांना भ्यावं ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट. पण हनोईतला लोंढा वेगळा आहे. गाड्या उजव्या बाजूने चालतात आणि आपली मान जन्मभर आधी उजवीकडे वळायला शिकलेली. शिवाय प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. १५ डिसेंबर २००७ पासून तिथे सक्ती झाली आणि लोकांनी मुकाट्याने ती घातली. ना मोर्चा, ना कृती समिती. आमच्या नकाशावाल्या मित्राला हे फारच लागलं. पेठेतला तो. हेल्मेटविरोधी सभेत भाषण केलेला.

झेब्रा पट्टे होते, पण ते कुणाला उद्देशून आहेत ते कळत नव्हतं. हॉटेलातल्या मुलीने निघताना तीनच गोष्टी सांगितल्या होत्या. सावकाश चाला. थांबू नका. मागे फिरू नका. स्कूटरवाला तुमच्या चालीवरून अंदाज घेतो आणि वळसा घालून जातो. घोटाळा होतो तो तुम्ही बिचकलात तर. इंजिनियरांनी लगेच नियम मांडला की गती कायम हवी. नियम मांडून ते कडेलाच उभे राहिले. बँकवाल्याची बायको पर्स छातीशी धरून एकटीच चालायला लागली आणि पलीकडे पोचूनसुद्धा गेली.

नवऱ्याने माझा हात धरला. हात म्हणजे मनगट. पुरता हात धरायची आम्हाला चारचौघांत सवय नाही. लक्ष्मी रोडवर तो कायम चार पावलं पुढे असतो आणि मी दुकानांच्या काचांशी रेंगाळत मागे. ‘‘चल लवकर’’ आणि ‘‘आले रे’’ एवढ्यावर आमची फिरस्ती इतकी वर्षं चालली. इथे ते चालणार नव्हतं. दोघांची एकच चाल हवी, ना त्याची ना माझी. मधोमध आलो तेव्हा डावीकडून एक स्कूटर आली, मागे संत्र्यांचे दोन हारे बांधलेली. त्याची बोटं माझ्या मनगटावर आवळली. तो थांबणार हे मला बोटांतूनच कळलं. मी त्याला तसाच पुढे ओढला. स्कूटर मागून गेली, संत्र्यांचा वास ठेवून. पलीकडे पाऊल पडताक्षणी त्याने हात सोडला, कारण मित्र बघत होते. एकाने फोटोही काढला होता. ‘‘वहिनी, हा पोरांना पाठवतो बघा.’’

पाठवलाच. मुलीचं उत्तर आलं, ‘बाबा घाबरलेत का?’

दोन वाजता खोल्या मिळाल्या. जुन्या हनोईतली घरं रस्त्याला दहा-बारा फूट तोंड आणि आत आगगाडीच्या डब्यासारखी लांबच लांब. दुकानाची जागा मोलाची, म्हणून प्रत्येकाने रस्त्याचा एक तुकडा धरला आणि उरलेलं घर मागे नेलं. आमची खिडकी उघडली तर हातभरावर दुसरी भिंत. नवऱ्याने गीझर पाहिला, पासपोर्ट मोजले, प्लगात चार्जर बसतोय याची खात्री केली आणि आडवा झाला. दार बंद होऊन आम्ही दोघंच उरलो ते त्या दिवसात पहिल्यांदा.

आता नवरा-बायकोने परदेशात पहिल्या दुपारी काय बोलावं? मावळता सूर्य, आयुष्याचा प्रवास असलं काही बोलत असतील कुणी. तो छताकडे बघत म्हणाला, ‘‘त्या दोघांचं काय बिनसलंय का गं?’’

‘‘कुणाचं?’’ मी विचारलं, आणि पलंगावर मांडी घालून बसले.

मग तासभर आम्ही झोपलोच नाही. तो तिच्यावर सकाळी दोनदा खेकसला हे मी पाहिलं होतं. तिने त्याच्या गोळ्या न मागता पुढे केल्या हे त्याने पाहिलं होतं. बँकवाला बायकोला विचारल्याशिवाय पाण्याची बाटलीही घेत नाही, आणि ती मात्र त्याला न विचारता हायवे ओलांडते. नकाशावाल्यांच्यात प्रेम आहे, पण ते दोघं एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. ‘‘वहिनी, हिला सांगा’’ आणि ‘‘भावजी, ह्यांना विचारा’’ असं सगळं आमच्यामार्फत. घरी आमचं बोलणं गॅस, औषधं, मुलीचा फोन आणि सोसायटीची मीटिंग एवढ्यात संपतं. परक्यांचे संसार डोळ्यांसमोर मांडलेले असले की विषयांना तोटा नाही, आणि त्यांच्याबद्दल बोलता बोलता माणूस बरंच स्वतःबद्दल सांगून जातो. ‘‘मी खेकसतो का गं असा?’’ त्याने मध्येच विचारलं. मी म्हटलं, ‘‘तू गप्प बसतोस. ते जास्त वाईट.’’ त्यावर तो गप्प बसला.

पातळ भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. तिथेही हेच चाललं असणार, आणि विषय आम्ही असणार. जोडप्यांनी जोडप्यांबरोबर प्रवास करावा तो याचसाठी, असं माझं मत आहे. स्थळदर्शन एकट्यानेही होतं.

संध्याकाळी हांग मा गल्लीत गेलो. तांबट आळी, बोहरी आळी असावी तशी तिथे चांदीची एक गल्ली, रेशमाची एक, आणि ही कागदाची. पूर्वजांना पोचवायच्या वस्तू इथे कागदाच्या मिळतात: सदरे, बूट, घड्याळं, फोन, डॉलरच्या गड्ड्या, अख्खी स्कूटर. त्या जाळल्या की पलीकडच्यांना मिळतात. नकाशावाला मित्र एका कागदी स्कूटरपुढे उभा राहिला. ह्याच वर्षी त्याचे वडील गेले. जन्मभर सायकलवर फिरले आणि मुलाने घ्यायची म्हटली तर नको म्हणाले. बायको म्हणाली, ‘‘घे की.’’ ह्या वेळी थेट त्याला. मग जरा थांबून, ‘‘पण जाळणार कुठे? हॉटेलात अलार्म वाजेल.’’ तो हसला आणि त्याने स्कूटर घेतली नाही. कागदाचे चपलांचे जोड घेतले. घडी होतात म्हणाला.

अंड्याची कॉफी प्यायली. दुधाची टंचाई होती तेव्हा, १९४६ साली, मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन व्हान झांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर चढवला आणि पुढे स्वतःचं दुकान काढलं. छोटा कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून येतो. वर पिवळा दाट फेस, खाली कडू काळी कॉफी. आमच्यातल्या अंडं न खाणारीने नारळाची मागवली आणि सगळ्यांच्या कपांकडे बघत प्यायली. तिथेच नवऱ्याने आमच्या महाबळेश्वरच्या मधुचंद्राची गोष्ट काढली. पसरणीच्या घाटात एसटी बंद पडली आणि मी दुधाचा टेंपो थांबवून दोघांना वर पोचवलं ती. मित्रांनी ती अनेकदा ऐकली आहे. टेंपोतल्या कॅनांची संख्या दर वेळी वाढते. पण त्या गोष्टीत हिंमतवान मी असते आणि घाबरलेला तो. घरी, मला, त्याने ती कधीच सांगितलेली नाही. ती ऐकायला मला त्याच्या मित्रांमध्ये बसावं लागतं.

नंतर पाण्यावरच्या बाहुल्यांचा खेळ. भाताच्या खाचरांत जन्मलेली ही कला. कलावंत बांबूच्या पडद्यामागे कमरेइतक्या पाण्यात उभे राहून लांब काठ्यांनी बाहुल्या नाचवतात. अंधार, ऊब, एकतारी वाद्याचा हेलकावणारा सूर. दहा मिनिटांत आमची रांग झोपली. तिकीट काढून, ओळीने, औषधवाल्या बाईंसकट. मी जागी राहिले म्हणून मला कासवाने राजाची तलवार नेलेली दिसली, आणि शेवटी पडदा वर करून चिंब कलावंत नमस्काराला आले तेही. टाळ्यांनी जागा होऊन नवरा सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवू लागला. ‘‘छान होतं,’’ तो म्हणाला.

रात्री रस्त्यावरच्या ताज्या बियरला बसलो. तिथली प्लास्टिकची स्टुलं वीतभर उंचीची. बसताना हसू आलं, उठायचं कसं याची चर्चा बसल्यावर झाली. बँकवाल्याने हिशोब वाचला: आज तीस लाख खर्च झाले. एका रुपयाला साधारण ३०० डोंग पडतात, त्यामुळे आकडा ऐकायला मजा येत होती आणि त्याने तो दोनदा वाचला. उद्याची हालाँगची बस साडेसातला. साडेसात म्हणजे साडेसात, पावणेआठ नव्हे, यावर थोडी खडाजंगी झाली. मग औषधवाल्या बाईंनी ठराव मांडला की उद्या बसमध्ये नवरा-बायकोने शेजारी बसायचं नाही. चारही नवऱ्यांनी इतक्या तत्परतेने हात वर केले की आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्या नवऱ्याने तर खिडकीची जागाही सांगून ठेवली. खोलीत गेल्यावर ह्यावर बोलायचं, असं मी मनाशी ठरवलं, आणि आधी त्या स्टुलावरून उठायच्या तयारीला लागले.