वहिनींचे पासबुक

नौबादच्या आमच्या घरात द्राक्षाला दोन नावे होती. आई 'द्राक्ष' म्हणायची, शेजारच्या अक्का 'द्राक्षी' म्हणायच्या. ताटलीत पडल्यावर दोन्ही सारखीच गोड लागायची. दारूला मात्र आमच्या घरात नावच नव्हते. थोरले बंधू शिंदीपासून सुरू झाले, गावठीवर गेले आणि पंचेचाळिशीतच संपले. त्या दिवसापासून वहिनींनी तो शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही.

आणि नेमका त्यांचाच मुलगा शेतकीची पदवी घेऊन नाशिकला वाइनच्या कारखान्यात लागला! पहिला पगार त्याने आईच्या खात्यात भरला. वहिनींनी पासबुक ट्रंकेत टाकले ते टाकलेच. दोन वर्षे गेली. गेल्या माघात त्या मला म्हणाल्या, "भावजी, तुम्ही मास्तर माणूस. एकदा जाऊन या. काय बघितलंत ते खरं सांगा."

ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी फडक्यात बांधून मी निघालो.

नाशिकला गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षांचे मळे पसरले आहेत. खायच्या द्राक्षांसाठी नाशिक आधीपासूनच प्रसिद्ध होते. नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी १९८०च्या दशकात फसफसणारी वाइन काढली. नाशकात राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० साली आली, आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने या उद्योगासाठी धोरण आखले. मग एकेक कारखाना उभा राहत गेला.

पहाटे पुतण्याने मला मळ्यात नेले. थंडी अशी की मफलर सुटेना. दिव्यांच्या उजेडात बाया घड खुडत होत्या. "एवढ्या अंधारात कशाला रे?" मी विचारले. "काका, ऊन लागलं की द्राक्षाचा ताजेपणा जातो. थंड रात्री आंबटपणा राखतात, म्हणून तर हा गाव." फ्रान्समध्ये वेल हिवाळाभर झोपतो, आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून त्याला वळण लावायचे, आणि माघ-फाल्गुनात माल घ्यायचा. एक मणी तोंडात टाकला. लहान, जाड सालीचा, बियांचा, पण विलक्षण गोड. ही साखरच यीस्ट खाते आणि तिचा अल्कोहोल होतो. पांढरीसाठी साल आधीच काढतात, लालसाठी सालीसकट आंबवतात.

एका वाफ्यावर 'शिराज' अशी पाटी होती. माझी छाती फुगली. अहमदशहा बहमनीने पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली, इराणी माणसे आली, आमच्या नौबादच्या जमिनीखालचा कारेझ ही इराणचीच विद्या. "म्हणजे हे आपलेच पाहुणे!" मी म्हणालो. पोरगा हसला. "नावच तेवढं इराणी, काका. १९९८ साली तपासणी झाली, याचे आईबाप दोन्ही फ्रान्सचे निघाले." मास्तर गप्प.

दुपारी त्याने माझी शिदोरी सोडायला लावली आणि तीन पेल्यांत घोट-घोट ओतले. आयुष्यात पहिल्यांदा मी ते ओठांना लावले. चटणीवर लाल शिराज घेताच जिभेला आगच लागली. "तिखटानं तिचा तुरटपणा वाढतो. ती काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर, तेही तिखट बेताचं असेल तर." सोव्हिन्यों ब्लांकला हिरव्या मिरचीसारखा वास, ती कोथिंबिरीच्या वड्यांना शोभेल, असे तो म्हणाला. मग किंचित गोडसर शेनां ब्लां दिली. चटणीचा जाळ निवला आणि शेंगदाण्याचा खमंगपणा तेवढा उरला. पोरगा चव घेऊन प्रत्येक घोट भांड्यात थुंकत होता. दिवसाला वीस-वीस नमुने चाखायचे म्हणजे असेच करावे लागते.

रात्री जेवताना मात्र त्याने एक पेला भरला, आणि माझ्या डोळ्यांत बघत प्याला. "काका, हे आईला सांगा. लपवू नका. शंभरात बारा-तेरा भाग अल्कोहोल आहे यात. द्राक्षाची असली तरी नशा ती नशाच. बाबांना मी विसरलेलो नाही. म्हणून एकच पेला, तोही रविवारी." तो दिवस रविवारचा होता.

घरी आल्यावर मी वहिनींपुढे तिथल्या द्राक्षांचा घड ठेवला आणि सगळे सांगितले. पहाटेच्या बाया, छाटण्या, थुंकायचे भांडे. मग त्याचा तो पेला. आणि शेवटी माझे तीन घोटही. माझा आवाज जरा बसलाच होता.

वहिनींनी एक मणी खाल्ला, बिया तळहातावर घेतल्या. खूप वेळ बोलल्या नाहीत.

"तोंडावर सांगितलं त्यानं?"

"तोंडावर."

"ह्यांनी कधी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कायम लपवायचे."

उठून त्या आत गेल्या. ट्रंकेची कडी वाजली. बाहेर आल्या तेव्हा हातात पासबुक होते.

"उद्या बँकेत जाल, तर एवढ्या नोंदी करून आणा," त्या म्हणाल्या. "काढायचे नाहीत. नुसत्या नोंदी."