बॅलन्सिंग करून घेऊ ना, सर?

गाडी सर्व्हिसिंगला टाकली की साडेअकराच्या सुमारास एक फोन येतो. "सर, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ड्यू आहे. करून घेऊ ना?" चहात साखर टाकू का, इतक्या सहजपणे विचारलेलं असतं. आपण मीटिंगमध्ये असतो. दबक्या आवाजात "हो हो, करा" म्हणतो आणि बिलात दोन ओळी वाढतात. पैसे फार नसतात, त्यामुळे माझा आक्षेप पैशांना नाहीच. आक्षेप एवढाच की ह्या प्रश्नाचं उत्तर खरं तर गाडीला विचारायचं असतं, आणि तिला कोणी विचारतच नाही!

आधी एक घोळ मिटवू. अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही जोडी राम-लक्ष्मणासारखी एकत्र उच्चारली जाते, पण कामं वेगळी आहेत. अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायरची एकच कड झिजते. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन गोलभर सारखं वाटलेलं आहे का ते. ते बिघडलं की गाडी ओढत नाही, थरथरते. गाडी डावीकडे ओढतेय म्हणून बॅलन्सिंग करून आलेले लोक मी पाहिलेत. डोकं दुखतंय म्हणून चष्म्याची फ्रेम बदलण्यातला प्रकार.

आता थोडं गणित. (शाळेतलंच आहे, घाबरू नका.) समजा १४ इंची रिमच्या कडेला एका जागी २० ग्रॅम जास्त आहेत. २० ग्रॅम म्हणजे काय, दोन-तीन नाणी. छोट्या गाडीचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदात साधारण १५ फेऱ्या मारतं. वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग, असं मांडलं की ह्या दोन-तीन नाण्यांची ओढ जवळजवळ सव्वातीन किलो वजनाइतकी भरते. म्हणजे सेकंदाला १५ वेळा कोणीतरी चाकाला सव्वातीन किलोचा हिसका देतंय! वेगाचा वर्ग असल्यामुळे ५० ला हीच ओढ पाऊण-एक किलोवर येते. म्हणून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये तुम्हाला काहीच कळत नाही आणि एक्स्प्रेसवेवर स्टीअरिंग हातात नाचायला लागतं.

त्यात आणखी एक गंमत आहे. चाक आणि सस्पेन्शन मिळून जे लटांबर तयार होतं त्याची स्वतःची अशी एक लय असते, ढोबळमानाने सेकंदाला १० ते १५ कंपनं. चाकाच्या फेऱ्या त्या लयीशी जुळल्या की थरथर एकदम वाढते. ८० ते १०० च्या पट्ट्यात जोरात आणि त्याच्या वर पुन्हा कमी, हे बिघडलेल्या बॅलन्सचं ठरलेलं लक्षण त्यामुळेच. स्टीअरिंग थरथरत असेल तर बहुतेक पुढची चाकं, सीट आणि फरशी थरथरत असेल तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ब्रेकच्या डिस्क बघा, बॅलन्सिंगचा त्यात काही संबंध नाही.

मग प्रश्न येतो, दर किती किलोमीटरला करायचं? टायरवाला ५,००० म्हणतो, सर्व्हिस सेंटर १०,००० म्हणतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर हा ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा जॉब आहे. काही बिघडलंय की नाही ते न बघता चालतो.

देखभालीच्या ह्या पद्धतीवर दुसऱ्या महायुद्धातच प्रश्नचिन्ह लागलं होतं. ब्रिटनच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विमानांतले बिघाड आणि शेवटच्या तपासणीनंतरचे उड्डाणाचे तास एकत्र मांडले. साध्या अपेक्षेप्रमाणे तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत आणि हळूहळू वाढायला हवेत. निघालं उलटंच. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वात जास्त! धड चाललेलं उघडलं की जोडताना काहीतरी राहतं. चालत्या कोडला उगाच हात लावलेल्या कुठल्याही माणसाला हे वेगळं सांगायला नको. पुढे १९७८ साली नोलन आणि हीप ह्यांनी विमानांच्या देखभालीवर जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्याचाही सूर हाच होता. बहुतेक भागांचा बिघाड वयाशी बांधलेला नसतो. त्यामुळे कॅलेंडर बघून नाही, अवस्था बघून हात लावा.

पण ह्याचा अर्थ "त्रास होत नाही ना, मग सोडून द्या" असाही नाही. उलट, थरथर झाली की ती ऐकायलाच हवी, कारण कधी कधी ती बॅलन्सची नसतेच.

ऑफिसातल्या एका मित्राचं उदाहरण सांगतो. समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचं होतं. बायको, पोरगी आणि सासूबाई सोबत. तिथे छोट्या गाड्यांना ताशी १२० ची मुभा, काँक्रीटचा रस्ता आणि वर वैशाखातलं ऊन. आठ दिवस आधी गाडी ७० लाच थरथरायला लागली. सर्व्हिस सेंटरने बॅलन्सिंग करून दिलं. मशीनवर चारही चाकं शून्य. थरथर तशीच. पुन्हा नेली, पुन्हा शून्य. "सर, रस्ताच खराब आहे," असं वर ऐकवलं. त्याने मला विचारलं, तेव्हा आम्ही दोघं मिळून आमच्या कोपऱ्यावरच्या टायरवाल्या काकांकडे गेलो. काकांनी मशीन चालू केलंच नाही. चाक जॅकवर उचललं, हाताने हळूहळू फिरवलं आणि तळवा टायरवर टेकवून ठेवला. एका जागी थांबले. "साहेब, इथे हात लावा." टायरच्या माथ्यावर बोटभर उंचवटा होता. आतला तारांचा पट्टा रबरापासून सुटत चालला होता. "बॅलन्सिंग करून काय होणार? टायरच फुगलाय. हा घेऊन लांब जाऊ नका."

मुद्दा नीट लक्षात घ्या. मशीन खोटं बोलत नव्हतं. ते वजन मोजतं, गोलाई नाही. फुगलेल्या टायरलाही योग्य जागी वजनं लावली की ते शून्यच दाखवणार. टेस्ट पास, प्रॉडक्ट फेल! मित्राने त्याच संध्याकाळी टायर बदलला. त्या उन्हात १२० च्या वेगाला तो पट्टा पूर्ण सुटला असता तर काय, ह्यावर आम्ही दोघंही फार बोललो नाही.

तर मी स्वतः पाळतो ते नियम असे:

१. टायर रिमवरून उतरला की बॅलन्सिंग करायचंच. नवा टायर असो, आतून लावलेला पॅच असो. इथे वाद नाही.

२. बाहेरून पट्टी घालून पंक्चर काढलं तर थरथर जाणवली तरच.

३. रिमवरचं वजन पडलेलं दिसलं तर. धुळीची चौकोनी कड आणि मधे स्वच्छ जागा दिसली की समजायचं, चिकटवलेलं वजन गेलं.

४. पावसात कोकणातून आल्यावर थरथर सुरू झाली तर आधी गाडी धुवायची. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला लाल चिखल सहज वीस ग्रॅम भरतो. गाडी महिनाभर उभी होती? मग टायरला चपटा डाग पडलेला असू शकतो. काही किलोमीटर चालवून टायर गरम झाले की बहुधा जातो.

५. टायरची अदलाबदल करताना चाकं निघालेलीच असतात. तेव्हा करून घ्यायला हरकत नाही.

६. बॅलन्सिंगनंतरही थरथर राहिली, किंवा दिवसागणिक वाढत गेली, तर तिसऱ्यांदा बॅलन्सिंग करायचं नाही. चाक उचलून फिरवायचं, गोलाई बघायची, हात फिरवायचा.

आणि एक युक्ती, वेळ असेल तर समोर उभं राहून करून घेण्यासारखी. मशीनने शून्य दाखवलं की चाक ढिलं करून शाफ्टवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घट्ट करायला सांगायचं, आणि पुन्हा मोजायचं. आकडा जवळपास शून्यच आला तर काम चोख. भलताच आला तर चाक मशीनवर नीट मधोमध बसलंच नव्हतं, म्हणजे आधीचं शून्यही व्यर्थ. कारागीर जरा वैतागतो, पण जाणता असेल तर मनातून खूशही होतो.

बाकी त्या साडेअकराच्या फोनला आता माझं उत्तर ठरलेलं आहे. "थरथरत नाहीये, टायर उतरवला नाहीये. नको. पण गाडी वर उचललीच आहे तर चारही टायरवरून एकदा हात फिरवा." ह्याची बिलात ओळ नसते, म्हणून ते आपणहून कोणी करत नाही. सांगावं लागतं.