बावीस चव्वेचाळीस

माझ्या रिपोर्टमुळे एका पोराची नोकरी गेली. त्या रिपोर्टात मी एकही आकडा मनाचा घातला नव्हता. नेमकं तेच अजून टोचतं.

डेटा सेंटर म्हणजे काय, यूपीएस कशाला लागतो, हे सांगत बसत नाही. लाईट गेल्यापासून डिझेल जनरेटर लोड घेईपर्यंतची दहा-पंधरा सेकंदं जो निभावून नेतो, तो यूपीएस. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका जुन्या सेंटरात १६० केव्हीएचे दोन यूपीएस जोडीने चालतात, २००६ सालचे. त्यांची देखभाल माझ्याकडे. बनवणाऱ्या कंपनीने मॉडेल केव्हाच बंद केलं, त्यामुळे पंखे, कपॅसिटर बाजारातून आणायचे आणि कार्डं भंगारात निघालेल्या मशीनमधून. मला स्वतःला ही जुनी धुडं आवडतात. दार उघडलं की आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसतं.

जुलै २०१९. तिथे सर्व्हर ठेवणाऱ्या एका ग्राहकाचं ऑडिट होतं. ऑडिटरने एक नंबर यूपीएसचा इव्हेंट लॉग मागितला, तो काढून दिला मी. त्यात अकरा दिवसांत सहा वेळा ‘डीसी अर्थ फॉल्ट’ होता. सहाही वेळा बझर म्यूट केलेला आणि शिफ्टच्या वहीत एका ओळीचीही नोंद नाही. वेळा रात्री सव्वादहा ते पावणेअकरा. दुसरी शिफ्ट तीन ते अकरा, आणि ते दोन्ही आठवडे दुसऱ्या शिफ्टला एकच ऑपरेटर होता. कंत्राटी, आयटीआय वायरमन, संगमेश्वरकडचा, घणसोलीत चौघांत खोली घेऊन राहणारा. मी रिपोर्टात लिहिलं, ‘अलार्म दुसऱ्या शिफ्टमध्ये म्यूट केलेले दिसतात. नोंद नाही.’ संध्याकाळी त्याचा गेट पास काढून घेतला. मधल्या काळात सेंटरात काहीही बंद पडलेलं नव्हतं. एका सर्व्हरचा दिवासुद्धा लुकलुकला नव्हता.

तो मला पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, “सर, माझ्या शिफ्टला बझर वाजलाच नाही. देवाशप्पथ.” मी त्याला म्हणालो, मशीन खोटं बोलत नाही. वर वही कशी लिहावी याचं दोन मिनिटं प्रवचनही दिलं. तो ऐकून घेत उभा होता. हातातली डब्याची पिशवी या हातातून त्या हातात करत होता, एवढं आठवतं.

आता खरा फॉल्ट शोधायचा होता. बॅटरी बँकेचं, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या बॅटरी ब्लॉकच्या रांगेचं, एकही टोक जमिनीला जोडलेलं नसतं, ती अधांतरी असते. तिला कुठूनतरी जमिनीची वाट मिळाली की हा अलार्म येतो. एका वाटेने लगेच काही बिघडत नाही. दुसरी वाट मिळाली तर मधल्या सगळ्या ब्लॉकचा शॉर्ट होतो, आणि डीसीची ठिणगी एसीसारखी आपली आपण विझत नाही. म्हणून हा अलार्म मी कधी सोडत नाही. पण दिवसा जाऊन बघावं तर सगळं कोरडं ठणठणीत. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचा मीटर, मारला, चांगला. केबल बघितल्या, चांगल्या. मग वाटलं, रात्री दहाच्या सुमारास असं काय होतं तिथे? कुणाचं बॅकअपचं काम चालू होतं का, लोड चढतो का? तीन रात्री नऊ ते बारा मी त्या यूपीएससमोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसलो. पहिल्या दोन रात्री काही नाही. तिसऱ्या रात्रीही काही नाही. बारा वाजता घरी गेलो.

सकाळी नऊला परत येऊन लॉग उघडला. आदल्या रात्रीची नोंद: डीसी अर्थ फॉल्ट, २२:४४. बझर म्यूट, २२:४४.

पावणेअकराला मी त्या मशीनपासून चार फुटांवर होतो. जागा होतो, चहा पीत होतो. बझर इतका कर्कश की शेजारच्या खोलीत ऐकू जावा. पाच मिनिटं मी ती ओळ बघत राहिलो. मग मेनूत शिरून घड्याळाचं पान काढलं. ते पान कुणी कधी उघडत नाही, कारण पहिल्या पडद्यावर फक्त व्होल्टेज आणि लोड दिसतो. मशीनच्या घड्याळात ०३:२९ वाजले होते. माझ्या मनगटावर नऊ दहा.

पाच तास एकेचाळीस मिनिटं मागे. त्यातले साडेपाच तास लगेच उलगडले: ग्रीनिच वेळ. परदेशी मशीनमधून निघालेलं कंट्रोल कार्ड त्या यूपीएसमध्ये जानेवारीत बसवलं होतं, आणि घड्याळ तसंच राहिलं होतं. वरची अकरा मिनिटं घड्याळाची स्वतःची. २२:४४ म्हणजे पहाटेचे चार पंचवीस. तिसरी शिफ्ट. कार्ड कुणी बसवलं होतं? मीच. सर्व्हिस रिपोर्टवर माझी सही आहे, ‘सर्व सेटिंग तपासली’ या वाक्याखाली.

पुढचं काम मग एका रात्रीचं निघालं. ऊर्जा बचतीच्या नावाखाली बॅटरी रूमचा एसी रात्री अकरानंतर टायमरने बंद व्हायचा. एक्झॉस्ट पंखा मात्र चालूच, तो पावसाळी हवा आत ओढत राहायचा. पहाटे चारला त्या खोलीत भिंतीला हात लावला तर ओला व्हायचा. (बॅटरीला २५ अंश तापमान लागतं, त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं, हा तक्ता त्याच खोलीत त्याच टायमरच्या वर चिकटवलेला आहे.) त्या पहाटे चार अठराला बझर वाजला. तिसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर माझ्याशी बोलत होता. बोलता बोलताच त्याचा हात मागे गेला आणि त्याने बटण दाबलं. मान वळवली नाही, वाक्यही तोडलं नाही. आपण काय केलं हे त्याला कळलंसुद्धा नसावं.

दोन नंबर यूपीएस चालू होता, त्यामुळे एक नंबरचा बॅटरी ब्रेकर खाली घेतला. बँक निरोगी असेल तर कुठल्याही टोकापासून जमिनीपर्यंत मीटर लावा, आकडा घरंगळत शून्याकडे जातो. इथे तो टिकून राहिला. पॉझिटिव्हपासून २८६, निगेटिव्हपासून १३०. बत्तीस ब्लॉक, प्रत्येकी तेरा व्होल्ट. २८६ भागिले तेरा, बावीस. पॉझिटिव्हकडून मोजत गेलो. बाविसावा ब्लॉक अगदी खालच्या ओळीत, मागच्या बाजूला. त्याच्या निगेटिव्ह टर्मिनलखालून आम्ल झिरपून ब्लॉकच्या अंगावरून ट्रेपर्यंत ओघळलं होतं. ट्रेचा रंग फुगून निघाला होता, त्यावर धूळ बसलेली. दिवसा एसीत ते वाळायचं, पहाटे दमट हवेतलं पाणी शोषून घ्यायचं आणि जमिनीला वाट करून द्यायचं. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं, ब्लॉक बदलला, अलार्म गेला. जुन्या बँकेत एकच नवा ब्लॉक घालू नये, पूर्ण बँक बदलावी, असं मी लिहून दिलं. एकच बदलला गेला.

तिसऱ्या शिफ्टवाल्यावर मी आधी फार चिडलो होतो. पण तो पर्मनंट आहे म्हणून वाचला असं म्हणावं, तर त्याचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. जुन्या कार्डावर दोन वर्षं पंख्याचा खोटा अलार्म यायचा, रात्रीतून चार-चार वेळा. “दाबा आणि सोडून द्या,” हे त्याला मीच सांगितलं होतं. मशीन खोटं बोलत नाही म्हणणारा मी, त्याच मशीनचं खोटं दोन वर्षं दाबायला सांगत होतो.

दुरुस्त रिपोर्ट मी त्याच आठवड्यात दिला, घड्याळाच्या पानाच्या फोटोसकट. मॅनेजर म्हणाले, ऑडिट क्लोज झालंय, आता कशाला उकरायचं. कंत्राटदाराकडून पोराचा नंबर घेतला आणि फोन केला. तो तुर्भ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागला होता, पगार थोडा कमी. सगळं सांगितलं, माझी चूक होती हेही सांगितलं. तो म्हणाला, “मी सांगितलं होतं ना सर.” आणि मग, “ठेवू का? कॉम्प्रेसर ट्रिप झालाय.”

यूपीएस अजून चालू आहे. घड्याळ महिन्याला दोनेक मिनिटं मागे पडतं. दर भेटीत मी ते बरोबर करतो आणि आधीची वेळ वहीत लिहून ठेवतो.