पाण्यातली शर्यत आणि काठावरच्या आया

मैत्रिणींनो, शाळेतून येणाऱ्या चिठ्ठ्याचपाट्यांवर आपण किती सहज सही ठोकतो! सहल असो, स्नेहसंमेलन असो, एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात पेन. पण २०२५ च्या जानेवारीत माझ्या लेकीने जो कागद पुढे केला, तो वाचताना मला आधी गॅस बंद करावा लागला. शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचा तो अर्ज होता. अशा शर्यतींना रेगाटा म्हणतात. अर्जात बारीक अक्षरात छापलं होतं, की शर्यतीत उतरायचं की नाही आणि उतरल्यावर ती पुढे चालू ठेवायची की नाही, याची जबाबदारी सर्वस्वी होडीची राहील. होडीची म्हणजे कोणाची हो? त्या होडीत बसणारं माणूस एकच. म्हणजे माझी बारा वर्षांची मुलगी, जी डब्यात काय न्यायचं हेही अजून मला विचारते!

त्यातून दिवस कसे होते ते आठवा. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. महिनाही झाला नव्हता त्याला. माणसं गेली, आणि जॅकेट घातली होती की नव्हती याचीच चर्चा घरोघरी चालली होती. त्यानंतर गेटवेला प्रवाशांना जॅकेट घालण्याची सक्ती झाली. अशा वेळी त्याच बंदराच्या पाण्यात आपली पोर एकटीने होडी हाकणार, या कल्पनेनेच सासूबाईंनी जेवण टाकलं. आमच्या दोन्ही घरांत समुद्राशी संबंध म्हणजे गणपती विसर्जनाला गुडघाभर पाण्यात उभं राहण्यापुरता. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांचा मुलगा शिकायला जाई, म्हणून ही जाऊ लागली, इतकंच.

तेव्हा मी ठरवलं, की सही करायची तर नियम वाचूनच. बी.ए.ला शिकलेलं इंग्रजी एरवी कुठे उपयोगी पडतं म्हणा! शाळेत मी अर्धवेळ शिकवते, त्यामुळे दुपारचे दोन तास हाताशी असतात. शिडाच्या शर्यतींचं एक नियमांचं पुस्तक असतं. ‘वर्ल्ड सेलिंग’ ही जागतिक संस्था दर चार वर्षांनी ते नव्याने काढते. सध्याचं १ जानेवारी २०२५ पासून लागू झालं, ते २०२८ अखेरपर्यंत. मला वाटलं होतं, पहिला नियम जिंकण्याहरण्याचा असेल. तर नाही. पहिला नियम असा, की संकटात सापडलेल्या कोणालाही शक्य ती सगळी मदत करायची. शर्यत मागाहून.

याचं एक उदाहरण लेकीच्या सरांनी मुलांना सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमधल्या शिडांच्या शर्यती बुसानच्या समुद्रात झाल्या. लॉरेन्स लेम्यू नावाचा कॅनडाचा स्पर्धक आपल्या शर्यतीत दुसरा चालला होता. वारा भयंकर होता. तेवढ्यात दुसऱ्या एका शर्यतीतली सिंगापूरची होडी उलटलेली त्याला दिसली. दोघंजण पाण्यात. त्याने सरळ होडी वळवली, दोघांना आपल्या होडीत घेतलं, मदतीची बोट येईपर्यंत थांबला आणि मग बराच मागे पडून शर्यत पुरी केली. पंचांनी त्याला त्या शर्यतीत दुसराच क्रमांक दिला, कारण वळला तेव्हा तो दुसरा होता. ही काही पंचांची मेहेरबानी नव्हे हं. मदतीसाठी गेलेल्याचं नुकसान भरून देण्याची तरतूद नियमांतच आहे. मुलांना हे माहीत असणं फार गरजेचं. नाहीतर शेजारची होडी उलटलेली दिसली तरी अकरा वर्षांचं पोर म्हणायचं, “माझा नंबर जाईल!”

आता होडीविषयी थोडं. मुलांच्या होडीला ‘ऑप्टिमिस्ट’ म्हणतात. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स या होड्या बांधणाऱ्याने ती मुलांसाठी आखली. लांबी जेमतेम सव्वादोन मीटर, वजन ३५ किलो, नाक कापल्यासारखं बोथट. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तर कपडे भिजवायच्या टबाला शीड लावल्यासारखं वाटलं. वयाची मर्यादा पंधरा वर्षांची. पण या टबात काय काय असलंच पाहिजे याचे नियम आपल्या मसाल्याच्या डब्याइतके पक्के आहेत. हवा भरलेल्या तीन पिशव्या, म्हणजे होडी पाण्याने भरली तरी बुडत नाही. पाणी उपसायचं भांडं, तेही दोरीने होडीला बांधलेलं. एक वल्हं. पाण्यावर तरंगणारा निदान आठ मीटर लांबीचा दोर, ओढून न्यायची वेळ आली तर. आणि मुलाच्या अंगात जॅकेट व जॅकेटला पक्की बांधलेली शिट्टी. यातलं काही कमी असेल तर तपासनीस होडी पाण्यात उतरू देत नाहीत.

होडी उलटणार हे गृहीतच धरलेलं असतं. लेकीला तर पहिल्या महिन्यात मुद्दाम उलटवायला लावली, एकदा नव्हे, दहादहा वेळा. उलटली की पहिला धडा एकच, होडी सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघायचं नाही, कारण पाण्यातलं एवढंसं डोकं शोधणं कठीण, होडी लांबूनही दिसते. मग पोटाखालची फळी बाहेर आलेली असते, तिच्यावर भार देऊन होडी सरळ करायची, आत चढायचं आणि पाणी उपसत बसायचं. सेफ्टी बोटीतली माणसंही आधी डोकी मोजतात, होडीकडे नंतर बघतात.

सगळा कारभार चालतो बावट्यांवर. सुरुवातीच्या आधी पाच मिनिटं एक बावटा, चार मिनिटं उरली की दुसरा, एक मिनिटाला तो खाली, आणि मग सुटका. पांढऱ्या-तांबड्या उभ्या पट्ट्यांचा लांब बावटा वर गेला की थांबा, शर्यत लांबली. निळ्यापांढऱ्या चौकड्यांचा बावटा आणि तीन आवाज म्हणजे चालू शर्यत रद्द. पांढऱ्यावर तांबडी फुली दिसली तर शोध आणि बचाव सुरू झाला. मग शिक्षकांच्या बोटींनीसुद्धा आपापली मुलं बाजूला ठेवून बिनतारी संदेश ऐकायचे आणि सांगतील तिकडे जायचं. पाण्यावरचे वाटेचे नियमही आहेत. उजव्या अंगाने वारा घेणारीला डाव्या अंगाने वारा घेणारीने वाट द्यायची. तशी वेळ आली की उजवीवाली ओरडते, “स्टारबोर्ड!” आमच्याकडे हल्ली स्वयंपाकघराच्या दारातही हीच आरोळी ऐकू येते.

एक गोष्ट मात्र मला, शिक्षिका म्हणून, फार आवडली. चूक केली तर शिक्षा आपली आपण घ्यायची. दुसऱ्याच्या वाटेत आलात तर होडीच्या लागोपाठ दोन पूर्ण गिरक्या, वळणाच्या बोयाला नुसता स्पर्श झाला तर एक. बघणारं कोणी नसलं तरी. आमच्या वर्गात चाचणीच्या वेळी असं काही सुरू करता आलं तर!

आता मुख्य सांगायचं ते. किनाऱ्यावर एक फळी असते, तिच्यावर खिळे, प्रत्येक खिळ्याला नंबराचा बिल्ला. देवळाबाहेर चपलांचं टोकन देतात ना, तसाच. पाण्यात जाताना मुलाने आपला बिल्ला घ्यायचा, परत आल्यावर त्याने स्वतः तो लावायचा. फळीवर खिळा रिकामा म्हणजे मूल अजून पाण्यात. दिसायला पोरखेळ, पण सगळ्या बचावकार्याचा पाया हा. त्या दिवशी काय झालं ऐका. एका मुलाला मळमळू लागलं म्हणून तो पहिल्या शर्यतीनंतर किनाऱ्याला आला. आईने कपडे बदलले, लिंबूपाणी दिलं आणि टॅक्सी करून घरी नेलं. बिल्ला मुलाच्या ओल्या पॅन्टच्या खिशात! इकडे दोन सेफ्टी बोटी अर्धा तास त्याला शोधताहेत. बाईंचा फोन पर्समध्ये, मुका. पुढची शर्यत खोळंबली. अखेर कळलं तेव्हा मुलाच्या नावावर दंडाचे गुण पडले. दुसऱ्या दिवशी बाई तावातावाने आल्या, “पोर आजारी, आणि वर दंड?” मला त्यांची कणव आली, पण दंड योग्यच होता असं माझं मत आहे. त्या अर्ध्या तासात जी मुलं खरोखर पाण्यात होती, त्यांच्या वाट्याला दोन बोटी कमी होत्या. त्यांत माझीही होती.

आणि माझी मुलगी? दुपारी वारा वाढला. मुंबईत त्या दिवसांत दुपार कलली की वाढतोच. दुसऱ्या शर्यतीच्या मध्यावर तिचे हात भरून आले, शिडाचा दोर धरवेना. तिने सेफ्टी बोटीला हात केला, “मी परत जाते” म्हणून सांगितलं आणि आली. बिल्ला लावला. निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘माघार’ अशा अर्थाची तीन अक्षरं पडली. घरी आल्यावर सासूबाईंना आनंद झाला, पण मामेसासरे आले होते ते म्हणाले, “काय गं, अर्ध्यातून पळालीस?” तिचा चेहरा एवढासा झाला. मैत्रिणींनो, तो अर्जावरचा नियम मला त्या क्षणी नीट समजला. निर्णय मुलाचा असं पुस्तकात कितीही लिहा, घरात ‘पळालीस’ म्हणणारं माणूस बसलेलं असेल तर पुढच्या वेळी तेच पोर हात भरून आले तरी दोर सोडणार नाही. मी काही बोलणार एवढ्यात हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “बिल्ला लावलास ना? मग झालं.” ह्यांचं बोलणं तसं कमीच, पण त्या दिवशी मी त्यांना शिऱ्यावर जास्तीचे बेदाणे घातले.

मीही तिला शर्यतीहून आल्यावर “कितवी आलीस?” हे पहिल्यांदा विचारत नाही. आधी “वारा कसा होता? परत यावंसं कधी वाटलं?” विचारते. ती सांगते. कधीकधी नको इतकं सांगते.

आपणही नियमांच्या बाहेर नाही बरं का! मुलांना साहाय्य करणारे म्हणून शिक्षकांबरोबर आईबापांचीही गणना पुस्तकात आहे. आपण नुसत्या डबा घेऊन बसलेल्या असलो तरी! आपल्या वागण्याचा भुर्दंड मुलाला पडू शकतो. काठावरून “अगं डावीकडे घे, डावीकडे!” असं ओरडणं म्हणजे बाहेरची मदत, ती मना आहे. जीव धोक्यात असेल तेव्हाची मदत अर्थात वेगळी. एक बाई दिवसभर पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या, तो मला फार उत्तम उपाय वाटला.

आता थोडं घरगुती. जॅकेट घेताना आपली ‘वाढत्या अंगाचं’ घ्यायची सवय सोडा. गणवेश दोन वर्षं पुरावा म्हणून दोन बोटं मोठा घेतो, ते इथे चालत नाही. सासूबाईंचा तोच सल्ला होता, पण सरांनी दुकानातच करून दाखवलं. मुलाला जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्याला धरून वर उचलायचं. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, पाण्यातही तसंच सरकेल. लेबलावर वजन दिलेलं असतं, ते वयापेक्षा महत्त्वाचं. आत जीन्स किंवा जाड सुती कपडे नकोत, भिजले की दगड होतात. मुलींचे केस घट्ट वेणीत, नाहीतर दोराच्या कप्पीत अडकतात. टोपीला बंद, पाण्याच्या बाटलीला दोरी.

घरी आल्यावर जॅकेट गोड्या पाण्यातून दोनदा काढायचं आणि सावलीत वाळवायचं, उन्हात कापड विरतं. इस्त्री नाही, मशीन नाही, आणि त्याची उशी किंवा बसकण तर मुळीच नाही, आतला फोम चेपतो. आमच्याकडे ते गॅलरीतल्या दांडीवर सासूबाईंच्या नऊवारीशेजारी लटकत असतं. शिट्टी ठीक वाजते की नाही हे पाहण्याचं काम धाकट्या चिरंजीवांनी स्वतःकडे घेतलंय, आणि ते इतकं मनापासून करतात, की परवा खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी टेकत वर आले होते.